छतावरून उडी मारलेला शेरलॉक वाचला कसा? चाहत्यांचे तर्क, सोप्या भाषेत

15 जानेवारी 2012 च्या रात्री बीबीसी वनवर 'शेरलॉक' मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग दाखवला गेला. शेरलॉक होम्स लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या छतावरून खाली उडी मारतो. त्याचा जिवलग मित्र डॉ. जॉन वॉटसन खाली रस्त्यावरून ते बघतो, धावत जाऊन मनगट धरतो, आणि नाडी लागत नाही. पुढे कबर दिसते, कबरीपाशी जॉन दिसतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी थोड्या अंतरावर उभा असलेला, धडधाकट शेरलॉक दिसतो. भाग तिथेच संपतो.

तो वाचला, हे मालिकेनंच दाखवलं. कसा वाचला, हे मात्र सांगितलं नाही. पुढचा भाग आला 1 जानेवारी 2014 ला. मधली जवळपास दोन वर्षं जगभरचे प्रेक्षक तो शेवटचा प्रसंग पुढे-मागे करून, थांबवून थांबवून बघत होते. त्यातून तर्कांचा एवढा ढीग साचला, की आज पहिल्यांदाच मालिका बघणारा माणूस 'तो वाचला कसा' असं शोधायला गेला तर चक्रावून जातो. ट्रक, चेंडू, मुखवटा, विषारी वायू, तोतया... यातलं खरं काय, कोणी ठरवलं, आणि मालिकेनं एकाच गोष्टीची तीन-तीन उत्तरं का दिली? हा सगळा गुंता एकेक धागा सोडवत बघू. अर्थात मालिका अजून बघायची असेल त्यांनी आधी ती बघावी. इथे सगळे शेवट उघड केले आहेत.

फॅन थिअरी म्हणजे काय?

पडद्यावर जे दाखवलं त्यातल्या खुणा जुळवून, न दाखवलेल्या गोष्टीबद्दल प्रेक्षकानं बांधलेला अंदाज, म्हणजे फॅन थिअरी. इथून पुढे आपण तिला तर्क म्हणू.

बाहेरच्या खोलीत बसून आत काय शिजतंय ते ओळखण्यासारखं हे आहे. फोडणीचा वास येतो, कुकरची शिट्टी ऐकू येते, कोणीतरी खोबरं खवतंय असा आवाज येतो. तुम्ही म्हणता, आज आमटी-भात आणि ओल्या खोबऱ्याची कोशिंबीर. तुम्ही झाकण उघडून पाहिलेलं नसतं, पण उगाच ठोकूनही दिलेलं नसतं. वास नसताना 'आज पुरणपोळी आहे' म्हणणं वेगळं, आणि वासावरून आमटी म्हणणं वेगळं. तर्कांमध्येही हाच भेद आहे आणि पुढे तो फार कामाला येणार आहे.

आणखी एक शब्द लागेल: मूळ संहिता. निर्मात्यांनी अधिकृतपणे पडद्यावर आणलेलं किंवा लेखकानं छापलेलं जे काही, ती मूळ संहिता. तर्क तिच्याबाहेर राहतो, पण त्याला लागणारा पुरावा मात्र तिच्यातूनच यावा लागतो.

छतावर नेमकं काय दिसतं?

आधी पुरावा बघू, कारण बहुतेक गोंधळ तो न तपासता उत्तरांकडे धावल्यामुळे होतो.

पहिली गोष्ट. छतावर यायचं आमंत्रण मोरिआर्टीनं, म्हणजे शेरलॉकला मरायला भाग पाडणाऱ्या त्याच्या कट्टर शत्रूनं, दिलेलं नाही. ते शेरलॉकनं दिलंय. तो फोनवरून संदेश पाठवतो की खेळायला ये, बार्ट्‌सच्या, म्हणजे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या, छतावर. म्हणजे जागा त्यानं निवडली. ज्याला मरायला भाग पाडलं जातंय त्यानंच मरणाची जागा ठरवावी, हा या भागातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा आहे.

दुसरी गोष्ट. आदल्या संध्याकाळी तो मॉली हूपरला भेटतो. मॉली त्याच रुग्णालयाच्या शवागारात काम करते. तो तिला सांगतो की आपण मरणार असं वाटतंय. तुला काय हवंय, असं ती विचारते, आणि तो म्हणतो, तू. त्यानंतर मॉली या भागात दिसतच नाही. मदत मागितलेलं माणूस एकदम गायब होतं, तेव्हा ते पडद्यामागे कामाला लागलेलं असतं.

तिसरी गोष्ट. प्रयोगशाळेत बसलेला शेरलॉक एक रबरी चेंडू टप्पे देत खेळवत असतो.

चौथी. शेरलॉकची घरमालकीण मिसेस हडसन हिच्यावर गोळी झाडली गेली, असा फोन जॉनला येतो. शेरलॉक जागचा हलत नाही. जॉन चिडतो, त्याला यंत्र म्हणतो आणि एकटाच निघून जातो. मिसेस हडसनला काहीही झालेलं नसतं.

आणि मग मुख्य प्रसंग. जॉन टॅक्सीतून परत येतो. शेरलॉक त्याला फोनवरून सांगतो की आलास तसा मागे जा, आणि एका ठरावीक ठिकाणी थांब. मग म्हणतो, नजर माझ्यावरून हलवू नकोस. जॉन आणि रुग्णालय यांच्या मध्ये एक बुटकी इमारत आहे. तिच्यामुळे जॉनला छत दिसतं, हवेतून पडणारा शेरलॉक दिसतो, पण फुटपाथ दिसत नाही. जमिनीला टेकण्याचा क्षण त्याच्यापासून लपलेला आहे. तो धावत वळसा घेतो तेवढ्यात एक सायकलस्वार त्याला धडकून पाडतो. तो धडपडत उठतो, तोवर देहाभोवती माणसं जमलेली असतात. ती त्याला जवळ फार टिकू देत नाहीत. तो कसाबसा मनगट धरतो, आणि लगेच स्ट्रेचर येऊन देह आत नेला जातो. फुटपाथला लागून पिशव्यांनी भरलेला एक ट्रक उभा असतो, तो निघून जातो.

त्या फोनवरच्या बोलण्यात शेरलॉक स्वतःच जॉनला सांगतो की ही एक युक्ती आहे, जादूचा खेळ. जॉनला ते वाक्य त्याच्या सगळ्या हुशारीबद्दलची कबुली वाटतं. दुसऱ्यांदा बघताना तेच वाक्य सरळ अर्थानं ऐकू येतं, आणि अंगावर काटा येतो.

या पुराव्यांवरून निघालेली उत्तरं

सगळ्यांत लोकप्रिय तर्क ट्रकचा. शेरलॉक पिशव्यांवर पडला, लोळत फुटपाथवर आला, रक्त फासलं गेलं, ट्रक निघून गेला. याच्या बाजूनं भौतिकशास्त्र बोलतं. समजा छत 20 मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून पडायला साधारण 2 सेकंद लागतात आणि खाली येईपर्यंत वेग ताशी 70 किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. माणूस वेगामुळे मरत नाही, थांबण्यामुळे मरतो. फुटपाथवर शरीर 5 सेंटिमीटरांत थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 400 पट धक्का बसतो. तेच थांबणं 2 मीटर मऊ गादीवर पसरलं तर धक्का सुमारे 10 पटींवर येतो. पहिल्यात वाचणं अशक्य, दुसऱ्यात नीट पडलं तर उठून चालता येतं. चित्रपटांतले स्टंट करणारे लोक हवेच्या मोठ्या गाद्या वापरतात त्या याच हिशोबानं. तेव्हा मूळ प्रश्न एवढाच की खाली मऊ काहीतरी होतं का, आणि ते जॉनच्या नजरेतून कसं सुटलं. बुटक्या इमारतीनं दुसऱ्या भागाचं उत्तर आधीच दिलंय.

दुसरा तर्क नाडीचा. काखेत छोटा चेंडू घट्ट दाबून धरला की हाताकडे जाणारी रक्तवाहिनी दबते आणि मनगटाची नाडी लागत नाही. ही जादूगारांची जुनी युक्ती आहे. प्रयोगशाळेतला चेंडू इथे उपयोगी पडतो. यावर रास्त शंका अशी, की जॉन डॉक्टर आहे, तो मानेची नाडी का तपासत नाही? कारण त्याला तेवढा वेळच मिळत नाही. सायकलची धडक, भोवतीची गर्दी आणि डोळ्यांदेखत गेलेला मित्र, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर मनगट हातात आलं हेच पुष्कळ.

तिसरा तर्क दुसऱ्या देहाचा: पडलेला देह शेरलॉकचा नव्हताच. काहींनी तो मोरिआर्टीचा ठरवला, मुखवटा चढवलेला. काहींनी शवागारातून मॉलीनं दिलेला कोणीतरी अनोळखी माणूस ठरवला. यातला मोरिआर्टीचा पर्याय मला कच्चा वाटतो. त्यानं स्वतःवर गोळी झाडल्यापासून शेरलॉकच्या उडीपर्यंतचा वेळ फार थोडा आहे, आणि तेवढ्यात प्रेताला कपडे नि मुखवटा चढवून ते खाली आणणं म्हणजे पुराव्यापेक्षा हौस जास्त.

चौथा तर्क वायूचा. त्याच पर्वाच्या आधीच्या भागात माणसाला भ्रम घडवणारा एक वायू आला होता. तोच जॉनवर वापरला, असं काही जण म्हणाले. रस्त्यावर वायूची एकही खूण नाही. स्वयंपाकघरातून वास नाही, तरी पुरणपोळी.

किंचाळणारी मुलगी आणि नॉक्स यांचा नियम

दुसऱ्या देहाच्या तर्काला बळकटी देणारा एक दुवा छतापासून खूप आधी, भागाच्या पहिल्या अर्ध्यात आहे.

मोरिआर्टी एका राजदूताच्या दोन मुलांचं अपहरण करवतो. शेरलॉक त्यांना शोधून काढतो. वाचवलेली मुलगी मात्र शेरलॉकला बघताच किंचाळायला लागते. पोलिसांना संशय येतो की अपहरण यानंच केलं असावं. आपण मात्र शेरलॉकला सतत बघत आलोय, त्यानं ते केलेलं नाही हे आपल्याला माहीत आहे. मग मुलगी कोणाला घाबरली? एकच सरळ उत्तर उरतं: तिला पळवणारा माणूस शेरलॉकसारखा दिसत होता. म्हणजे लंडनमध्ये शेरलॉकचा एक तोतया आहे किंवा होता. मोरिआर्टी आपली कामाची माणसं काम झाल्यावर जिवंत ठेवत नाही. तेव्हा तो तोतया एव्हाना कुठल्यातरी शवागारात असण्याची शक्यता दाट.

इथे रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूची आठवण काढायला हवी. नॉक्स स्वतः रहस्यकथा लिहीत. 1929 मध्ये त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकासमोर ठेवला पाहिजे, हा त्यातला एक. जुळे भाऊ किंवा तोतये आणायचे तर वाचकाची आधी तयारी करून घेतली पाहिजे, हा शेवटचा. या नियमांमागची भूमिका साधी आहे: लेखक आणि वाचक समोरासमोर बसून खेळतात, तेव्हा दोघांच्या हाती तेच पत्ते असावेत. किंचाळणारी मुलगी म्हणजे तोतयाची अशीच आगाऊ सूचना. ज्यांनी 2012 मध्येच तिच्या किंकाळीचा अर्थ लावला, त्यांनी उत्तम काम केलं असं मी म्हणेन. त्यांच्या हातात तेवढीच एक किंकाळी होती.

मग मालिकेनं काय उत्तर दिलं?

2014 च्या भागात, मालिकेच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या मार्क गॅटिस यांच्या लेखणीतून, तीन उत्तरं आली.

पहिलं भाग सुरू होतानाच दिसतं. उडी मारणारा शेरलॉक लवचीक दोरीला बांधलेला आहे, तो खिडकी फोडून आत शिरतो, मोरिआर्टीच्या प्रेताला शेरलॉकचा मुखवटा चढतो, आणि डेरेन ब्राऊन हे खऱ्या आयुष्यातले प्रसिद्ध संमोहनकार जॉनला रस्त्यातच गुंगीत घालतात. प्रेक्षक हबकतो, आणि मग कळतं की हे अँडरसनच्या डोक्यातलं आहे. अँडरसन म्हणजे शेरलॉकवर संशय घेणारा पोलीस खात्यातला तज्ज्ञ. आता पश्चात्तापानं तो शेरलॉक जिवंत आहे असं मानणाऱ्यांचा एक गट चालवतोय. दुसरं उत्तर त्या गटातल्या एका मुलीचं. त्यात छतावरून बाहुला टाकला जातो आणि शेरलॉक नि मोरिआर्टी एकमेकांच्या प्रेमात असतात.

तिसरं उत्तर खुद्द शेरलॉक अँडरसनला सांगतो. छतावर काय काय घडू शकेल याच्या तेरा शक्यता त्यानं आणि भाऊ मायक्रॉफ्टनं आधीच धरल्या होत्या. ठरलेला सांकेतिक शब्द गेला की रस्त्यावरची सगळी माणसं कामाला लागणार. ती शेरलॉकला नेहमी खबरा पुरवणारी बेघर माणसंच होती. हवेची मोठी गादी पसरली गेली, शेरलॉक तिच्यावर पडला, गादी हलवली गेली. सायकलस्वार ठरवून धडकला. काखेत चेंडू होता. तोतयाचं प्रेत मॉलीनं शोधलं होतं, आणि मुलगी का किंचाळली तेही शेरलॉक इथे स्पष्ट करतो.

बघा, चाहत्यांनी काय काय बरोबर ओळखलं होतं. बुटकी इमारत, सायकल, चेंडू, मॉली, तोतया, मऊ गादी. फक्त गादी ट्रकमध्ये नव्हती.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऐकून झाल्यावर अँडरसनचा चेहरा पडतो. त्याला काहीतरी अधिक भारी हवं होतं. शिवाय तो नेमका प्रश्न विचारतो: जॉन बरोबर त्याच जागी उभा राहील याची खात्री काय? तो हलला असता तर? आणि मग त्याच्या मनात येतं की शेरलॉकनं जगात दुसरं कोणी सोडून हे मलाच का सांगावं? हे उत्तर खरं आहे की तीही एक थाप, हे मालिका शेवटपर्यंत ठामपणे सांगत नाही.

'म्हणजे लेखकांनी फसवलंच की!'

हा आक्षेप मी खूप जणांकडून ऐकलाय, आणि तो निकालात काढण्यासारखा नाही. दोन वर्षं थांबायला लावायचं आणि मग तीन उत्तरं पुढ्यात टाकून 'तुम्हीच निवडा' म्हणायचं, हे प्रेक्षकाला खटकतं. त्यात मालिकेचे दुसरे निर्माते स्टीव्हन मॉफॅट यांनी 2012 मध्ये असंही सांगितलं होतं, की शेरलॉक त्याच्या स्वभावाला न शोभणारी एक गोष्ट करतो आणि ती कोणाच्याच लक्षात आलेली नाही. झालं, सगळे ती गोष्ट शोधायला लागले. मॉलीकडे मदत मागणं? डोळ्यांत पाणी येणं? मिसेस हडसनची बातमी ऐकूनही जागचं न हलणं? 2014 च्या भागात 'ती ही गोष्ट' असं बोट ठेवून दाखवलं गेलं नाही. नॉक्स यांच्या कसोटीवर हे नापासच ठरेल. दुवा आहे असं सांगितलंत, तर तो दाखवायला हवा.

तरीही या आक्षेपाचा अर्धाच भाग मला मान्य आहे. तिसरं उत्तर नीट तपासलं तर ते पुराव्याला धरून आहे. मधली दोन वर्षं चाहत्यांनी जे दुवे वेचले, त्यांतल्या बहुतेकांचा त्यात हिशोब लागतो. लेखकांनी शंकेला जागा ठेवली ती अँडरसनच्या तोंडून, म्हणजे चाहत्यांच्याच प्रतिनिधीच्या तोंडून. दोन वर्षं जगभर ज्या कल्पना लढवल्या गेल्या, त्यांच्यापुढे कुठलंही एकच उत्तर थिटं पडणार हे त्यांनी ओळखलं होतं, आणि ते कथेतच बोलून दाखवलं. हा मार्ग मला प्रामाणिक वाटतो, दुव्याचं ऋण फेडायचं राहिलं तरीही.

हे खूळ इंटरनेटचं आहे का?

अजिबात नाही. होम्सचे मूळ लेखक, खुद्द आर्थर कॉनन डॉइल यांनी डिसेंबर 1893 मध्ये होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाख धबधब्यात ढकललं. तिथेही देह सापडला नव्हता. वॉटसनला दिसल्या त्या कड्याकडे गेलेल्या आणि परत न आलेल्या पाऊलखुणा, होम्सची काठी आणि एक चिठ्ठी. 1903 मध्ये डॉइलनी त्याला परत आणलं. होम्स सांगतो की मोरिआर्टीशी झटापट झाली, तोच पडला, आपण कडा चढून निसटलो, आणि शत्रूंना आपण मेलो असंच वाटावं म्हणून तीन वर्षं लपून राहिलो. होम्सच्या कथा मराठीत अनेक पिढ्यांनी वाचल्या आहेत, त्यामुळे हे बऱ्याच वाचकांना आठवत असेल.

आता यातली मेख बघा. त्याच कथेत मोरिआर्टीचा साथीदार कर्नल मोरान होम्सला कड्यावर जिवंत बघतो आणि वरून दगड टाकतो. मग शत्रूला माहीतच होतं की होम्स जिवंत आहे! तर लपून फायदा कोणाचा? दुःख झालं ते बिचाऱ्या वॉटसनला. या एका भोकावरून गेली शंभर वर्षं वाद चाललाय. परत आलेला होम्स खरा नव्हताच इथपासून मोरिआर्टी नावाचा माणूसच नव्हता इथपर्यंत तर्क झाले आहेत.

हा वाद पद्धतशीरपणे घालण्याची सुरुवात करणाऱ्यांत पुन्हा नॉक्सच होते. 1911 मध्ये ऑक्सफर्डला वाचलेल्या एका निबंधात त्यांनी होम्सकथा एखाद्या धर्मग्रंथासारख्या तपासल्या, त्यांतल्या विसंगती मांडल्या. तेव्हापासून जाणत्या वाचकांचा हा एक रीतसर खेळ झाला: होम्स आणि वॉटसन खरोखर होऊन गेले असं धरायचं, आणि डॉइलच्या प्रत्येक चुकीला कथेच्या आतलंच कारण शोधायचं.

चुका पुष्कळ होत्या. पहिल्या कादंबरीत वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागते ती खांद्याला. दुसरीत दुखतो तो पाय. एका कथेत त्याची बायको त्याला 'जेम्स' म्हणते, तर त्याचं नाव जॉन एच. वॉटसन. डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेनं त्यावर तोडगा काढला: 'एच' म्हणजे हेमिश, जेम्सचंच स्कॉटिश रूप, आणि बायको त्याला लाडानं मधल्या नावानं हाक मारते. डॉइलनी हे कुठेही लिहिलेलं नाही.

बीबीसीच्या मालिकेत काय होतं? जॉन आपलं पूर्ण नाव सांगतो, जॉन हेमिश वॉटसन. आणि त्याच्या जखमेचं? गोळी खांद्याला लागलेली आहे, पण तो लंगडतो पायानं, कारण त्याचं लंगडणं मनातून आलेलं आहे, पायाला काही झालेलंच नाही. डॉइलच्या दोन्ही जखमा एका झटक्यात खऱ्या ठरतात. एका वाचकाचा तर्क काही दशकांनी मूळ संहितेत जाऊन बसला. मॉफॅट आणि गॅटिस लहानपणापासून होम्सचे चाहते होते, त्याचा हा परिणाम. ज्या प्रेक्षकांना त्यांनी दोन वर्षं कोड्यात टाकलं, त्याच जातकुळीचे ते स्वतः आहेत.

तर्क हाताबाहेर जातो तेव्हा

12 जानेवारी 2014 ला तिसरं पर्व संपलं ते मोरिआर्टीच्या चेहऱ्यानं. देशभरच्या पडद्यांवर तो झळकतो आणि विचारतो, माझी आठवण आली का? तोही वाचला, हा तर्क अर्थातच लगेच निघाला, आणि तो रास्त होता, कारण शेरलॉक वाचू शकतो तर तो का नाही? चौथ्या पर्वात उत्तर आलं: मोरिआर्टी छतावरच मेला, ते चित्रण आधी करून ठेवलेलं होतं. तर्क चुकला. बहुतेकांनी ते मान्य केलं आणि पुढे गेले. इथवर सगळं निरोगी आहे.

पण 15 जानेवारी 2017 ला चौथं पर्व संपल्यावर वेगळंच घडलं. तो शेवट अनेकांना पटला नाही. काही चाहत्यांनी ठरवलं की एवढं ढिसाळ लिखाण मुद्दाम केलेलं असणार, आणि खरा शेवट एका गुप्त चौथ्या भागात येणार. पुढच्याच रविवारी, 22 जानेवारीला, बीबीसी वनवर 'ॲपल ट्री यार्ड' ही नवी मालिका सुरू होणार होती. तिच्या नावाखाली तो गुप्त भाग दाखवला जाईल, असा बोलबाला झाला. ती मालिका आली आणि ती 'ॲपल ट्री यार्ड'च होती. तरी काहींची आशा सुटली नाही.

यातल्या बऱ्याच जणांचा आधीपासूनचा एक तर्क होता: शेरलॉक आणि जॉन यांची प्रेमकथा लेखकांनी गुपचूप विणली आहे आणि शेवटी ती उघड होईल. दोघांचं नातं तसं वाचणं मला गैर वाटत नाही. पडद्यावर त्या जवळिकीला जागा आहे, आणि तसं बघणाऱ्या तरुण मुलामुलींना त्यातून आधार मिळाला असेल तर तो खराच आहे. अडचण दुसरीकडे आहे. लेखक वारंवार नाही म्हणाले, तेव्हा 'नाही म्हणणं हा गुपित राखण्याचाच भाग' असं ठरलं. भाग विरोधात गेला, तेव्हा 'हा भाग खोटा' असं ठरलं. म्हणजे 'हो' हा पुरावा आणि 'नाही' हाही पुरावाच.

चांगल्या तर्काची ओळख इथेच पटते. ट्रकचा तर्क मांडणाऱ्याला विचारलं की काय दाखवलं म्हणजे तू चुकलास असं मानशील, तर तो सांगू शकला असता: गादी ट्रकमध्ये नसून जमिनीवर होती असं दाखवा. तसं दाखवलं गेलं आणि त्याचा तर्क तेवढ्यापुरता पडला. गुप्त भागाच्या तर्काला असं विचारलं, तर उत्तर नाही. आणि उत्तर नसलेला तर्क मोडतो तेव्हा माणूसही सोबत मोडतो. त्या आठवड्यात तरुण चाहते ज्या तळमळीनं लिहीत होते, ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

'एका मालिकेसाठी एवढा खटाटोप?'

हो. दोन वर्षं लोक एका प्रसंगातल्या सायकलस्वाराकडे, बुटक्या इमारतीकडे, प्रयोगशाळेतल्या चेंडूकडे बघत होते. एरवी आपण एवढ्या बारकाईनं काय बघतो? नाडी कशी दबते, पडणारा माणूस कशानं वाचतो, साक्षीदाराला कुठे उभं केलं की त्याला काय दिसत नाही, हे सगळं त्यांनी आपणहून शिकून घेतलं. बार्ट्‌सजवळच्या लाल टेलिफोन बूथवर चाहत्यांनी शेरलॉकवर विश्वास असल्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तेव्हा त्यात लाडिकपणा होता, पण अभ्यासही होता.

मग शेवटी कोणतं उत्तर धरायचं?

माझं मत तिसऱ्या उत्तराच्या बाजूनं आहे, एका दुरुस्तीसह. अँडरसनची शंका खरी आहे: जॉनच्या उभं राहण्याच्या जागेवर सगळी योजना टेकलेली आहे. पण शेरलॉक ती जागा नशिबावर सोडत नाही. तो जॉनला मागे जायला लावतो, थांबवतो, विनवतो. 2014 च्या भागात त्याचं फारसं स्पष्टीकरण येत नाही, कारण ते 2012 च्या भागात आधीच दाखवून झालेलं आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही, ती म्हणजे तो ट्रक. हवेच्या गादीच्या योजनेत पिशव्यांनी भरलेल्या ट्रकचं काहीच काम उरत नाही, तरी दिग्दर्शकानं तो तिथे उभा केला आणि बरोबर वेळेवर हलवलाही. चाहत्यांना चकवायला मुद्दाम ठेवलेली खूण, की मूळ योजनेतला उरलेला तुकडा? माझा कल पहिल्याकडे आहे. तुम्ही पुन्हा बघाल तेव्हा शेरलॉक पडल्यानंतर ट्रक नेमका कोणत्या क्षणी निघतो, आणि तेव्हा जॉन कुठे असतो, एवढं बघा.